आफ्रिकेत हिवाळा काढणारे युरोपी पक्षी: अधिवास मोजायचा कसा?

तीरचिमणी

युरोपात वीण करणारे वटवट्ये, माशीमार, धोबी, खाटीक ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सहारा ओलांडून आफ्रिकेत उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथे राहतात. मला फक्त पश्चिम साहेलपुरतं (सहाराच्या दक्षिणेचा निमकोरडा पट्टा, सेनेगल ते नायजर) बघायचं आहे. या सहा-सात महिन्यांत ते नेमकी कुठली जागा वापरतात?

आराखडा असा आहे. प्रसिद्ध झालेल्या जिओलोकेटर (पक्ष्याच्या अंगावर बांधायचं छोटं नोंदयंत्र) अभ्यासांतून पक्ष्यांची ठिकाणं घ्यायची. त्यावर उपग्रहाचा हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, ऑक्टोबर ते मार्चची सरासरी काढून चढवायचा. जिथे हिरवळ जास्त तिथे पक्षी जास्त, हे गृहीतक तपासायचं. जमिनीवरची मोजणी शेवटी दोन आठवडे, तीही जमली तर.

कुठे फसेल ते सांगा. गोड बोलू नका.

दुर्बीण८४२

पहिल्याच पायरीला फसेल.

जिओलोकेटर जागा मोजत नाही, उजेड मोजतो. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या मधल्या क्षणावरून रेखांश निघतो, तो बऱ्यापैकी बरा येतो. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढतात आणि तिथेच घोळ होतो. २२ सप्टेंबर आणि २० मार्चच्या आसपास दोन-तीन आठवडे दिवस सगळीकडे जवळपास सारखाच असतो, त्यामुळे त्या काळातला अक्षांश टाकूनच द्यावा लागतो. नेमके हेच दिवस पक्षी साहेलमध्ये येण्या-जाण्याचे.

दुसरी चूक सावलीची. पक्षी दाट झुडपात बसला की यंत्राला पहाट उशिरा आणि संध्याकाळ लवकर झालेली दिसते, म्हणजे दिवस लहान. डिसेंबरात लहान दिवस म्हणजे उत्तर, त्यामुळे झुडपातला पक्षी नकाशावर खऱ्या जागेच्या उत्तरेला सरकतो. ऑगस्टात तीच सावली त्याला दक्षिणेला ढकलते. म्हणजे ज्या अधिवासाचा शोध घ्यायचा आहे, तोच अधिवास मोजमाप बिघडवतो.

एकूण चूक १०० ते २०० कि.मी. धरून चाला. साहेलमध्ये दक्षिणेकडे जाताना पाऊस ढोबळमानाने दर किलोमीटरला एक मि.मी.ने वाढतो. म्हणजे १५० कि.मी.ची चूक झाली की ३०० मि.मी. पावसाची काटेरी झुडपं आणि ४५० मि.मी.तली शेतं यांतला फरक पुसला गेला. अशा ठिपक्याखाली १० मीटरचं उपग्रहचित्र ठेवून काय साधणार?

शिवाय यंत्र परत मिळवायला तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. जे मेले किंवा दुसरीकडे वीण करायला गेले, त्यांचा हिवाळा तुमच्या आकड्यांत कधीच येत नाही. आणि ९-१० ग्रॅमच्या वटवट्यावर वजनाच्या ३ ते ५ टक्के हा नियम पाळायचा तर यंत्र ०.३ ते ०.५ ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून लहान जातींची माहिती मुळातच तुटपुंजी आहे.

देश किंवा पट्टा कळायला जिओलोकेटर उत्तम. अधिवासासाठी नाही.

पानगळ

दुसऱ्या पायरीबद्दल बोलते, कारण ती जास्त धोकादायक आहे. पहिलीतली चूक दिसते तरी, ही दिसत नाही.

साहेलमध्ये पाऊस जुलै ते सप्टेंबर. ऑक्टोबरच्या चित्रात जे हिरवं दिसतं ते बहुतांश गवत आणि उभी बाजरी असते. झाडांचं छत्र बऱ्याच शेतांत जमिनीच्या ५-१० टक्केच. नोव्हेंबरपर्यंत गवत वाळतं, पीक निघतं आणि निर्देशांक कोसळतो. पण पानांतून किडे वेचणाऱ्या पक्ष्याला गवताशी देणंघेणं नव्हतंच. ऑक्टोबर ते मार्चची सरासरी काढलीत तर प्रत्यक्षात तुम्ही पावसाळी गवताचा नकाशा काढाल.

बरं, मग फक्त जानेवारी-फेब्रुवारीची चित्रं घेऊ म्हणाल. तेव्हा हिरवी राहतात ती झाडंच, हे खरं. पण कुठली झाडं? आंबा, काजू, निलगिरी, आपल्याकडून तिकडे गेलेला कडुनिंब, आणि फैदर्बिया अल्बिडा हे तिथलं बाभळीसारखं काटेरी झाड. उपग्रहाला ही सगळी सारखीच हिरवी. पक्ष्याला नाहीत.

लिओ झ्वार्ट्स आणि सहकाऱ्यांनी साहेल आणि त्याच्या दक्षिणेच्या पट्ट्यात झाड धरून पक्षी मोजले आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. किडे खाणारे पक्षी मोजक्याच जातींच्या झाडांवर एकवटलेले निघाले: बाभळीच्या कुळातली काटेरी झाडं, फैदर्बिया, हिंगणबेट, पीलू. शिया, काजू, आंबा, निलगिरी यांवर जवळजवळ शुकशुकाट. शिया तर मूळ तिथलंच झाड, बियांच्या तुपासाठी शेतात मुद्दाम राखलेलं. म्हणजे प्रश्न देशी-परदेशीचा नाही.

कारण त्यांनी असं लावलं. शेळ्या, उंट आणि पूर्वीचे रानटी तृणभक्षी यांच्यापासून वाचायला झाडाकडे दोन वाटा: पानांत कडू, चिवट रसायनं भरायची, नाहीतर काटे काढायचे. काटेरी झाडाचं पान मऊ आणि कमी तंतूचं राहतं. काटा शेळीला अडवतो, अळीला नाही. म्हणून तिथे अळ्या, आणि म्हणून पक्षी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईने काटेरी झाडांचं प्रमाण वाढवलं असेल, तर चराईने या पक्ष्यांचं भलंही केलं आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

शंकासुर

आंब्याचं छत्र इतकं दाट की आत हत्ती बसला तरी दिसायचा नाही. बाभळीची बारीक पानं आरपार दिसतात. "आंब्यावर पक्षी नाहीत" म्हणजे "आंब्यावर पक्षी दिसले नाहीत" एवढंच ना?

गणिती

@शंकासुर, रास्त शंका. दाट छत्रात काही पक्षी सुटणारच. पण सगळा फरक त्यातून निघत नाही. शिया दाट नसतो, निलगिरी तर विरळच, आणि तिथेही पक्षी नाहीत. उलट दाट हिंगणबेटावर आणि पीलूच्या जाळीत पक्षी मिळतात. तरी दृश्यतेची चूक आकड्यांत धरायलाच हवी. मोजणीची रीत पायरीने लिहितो.

जागा आधी नकाशावर ठरवा, रस्त्याकडेची झाडं सोयीची म्हणून घेऊ नका. रस्त्यालगत लावलेली झाडं जास्त असतात. साधारण ३०० मी. गुणिले ५० मी.चा तुकडा घेतला की मोजदाद दोन माणसांना झेपते.

तुकड्यातलं प्रत्येक झाड नोंदवा: जात, उंची, छत्राचा व्यास दोन काटकोनी दिशांनी, पानं किती (० ते १०० टक्के, दर १० ने), फुलं-फळं, आणि छाटणी झाली आहे का. नंतर पक्षी. एक जण झाडाभोवती फिरतो, दुसरा उन्हाकडे पाठ करून थांबतो. लहान झाडाला मिनिटभर पुरतं, मोठ्याला चार-पाच मिनिटं. पूर्ण दिसलं नाही असं छत्र असेल तर तसा वेगळा शेरा. दोघांनी आपापले आकडे न सांगता लिहायचे. दोघांना मिळून दिसलेले आणि एकालाच दिसलेले यांवरून किती सुटले याचा अंदाज जातीगणिक काढता येतो. शंकासुराचं उत्तर तिथे मिळेल.

हमखास होणारी चूक म्हणजे पक्षी नसलेली झाडं न लिहिणं. वहीत पंचवीस झाडं, पंचवीसही झाडांवर पक्षी. त्या वहीचा काही उपयोग नाही.

आता हिशेब. झाडामागे पक्षी काढू नका, छत्राच्या क्षेत्रफळामागे काढा, नाहीतर मोठं झाड नेहमीच जिंकेल. समजा ४० फैदर्बिया, प्रत्येकाचा व्यास १० मी. एकाचं छत्र ७८.५ चौ.मी., एकूण ३,१४० चौ.मी., म्हणजे ०.३१४ हेक्टर. त्यावर ११ पक्षी दिसले तर छत्राच्या हेक्टरी ३५. त्या शिवारात फैदर्बियाचं छत्र जमिनीच्या ४ टक्के असेल तर जमिनीच्या हेक्टरी १.४ पक्षी. (आकडे उदाहरणापुरते.)

व्यासांची सरासरी काढून मग वर्ग करू नका. ४ मी. आणि १६ मी. अशी दोन झाडं घ्या. सरासरी १० धरली तर क्षेत्रफळ १५७ चौ.मी., प्रत्यक्षात २१४. छत्र कमी मोजलं की पक्ष्यांची घनता फुगते.

वेळ उजाडल्यापासून तीन-चार तास. हरमट्टनचा धुळीचा वारा सुटला असेल तर दिवस सोडा. पानं हलत असताना पानाएवढा वटवट्या दिसत नाही.

रानवारा

"दोन आठवडे" ही खरी गोम आहे, तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

रेजिनाल्ड मोरो या पक्षीतज्ज्ञाच्या नावाने एक कोडं प्रसिद्ध आहे. युरोपचे पक्षी साहेलमध्ये पोचतात ते पावसाळ्याच्या शेवटी. तिथून पुढे मार्चपर्यंत पाऊस नाही, दर आठवड्याला जमीन अधिक कोरडी. आणि सगळ्यात भकास दिसणाऱ्या महिन्यांत याच पक्ष्यांना अंगावर चरबी चढवून सहारा पुन्हा ओलांडायचा असतो. वाळत चाललेल्या शिवारात हे जमतं कसं? झाडांची वेळापत्रकं बघितली की कोडं बरंच सुटतं.

फैदर्बिया उलट्या काळजाचं झाड आहे. पावसाळ्यात पानं गाळतं आणि पाऊस संपल्यावर पालवतं. शेतात सगळं करपलेलं असताना त्याच्यावर हिरवी पानं आणि किडे. अकेशिया सेयाल हे बाभळीच्या जातीचं झाड कोरड्या दिवसांत फुलतं, फुलांवर कीटक येतात. आणि शेवटी पीलू, आपल्याकडचं मिसवाकचं तेच झाड, साल्वाडोरा पर्सिका. हिवाळाअखेर त्याची गोड फळं पिकतात आणि शुभ्रकंठी व सबअल्पाइन वटवट्ये किडे बाजूला ठेवून त्यांवर तुटून पडतात. निघण्याआधीची चरबी त्यातून. पीलूची जाळी हेक्टरी किती हे बघितलं तर नगण्य, पण ती तोडली तर परतीचं इंधन गेलं. सरासरी काढणाऱ्या कुठल्याही नकाशात हे हरवतं.

शिवाय पक्षी जागेवर राहतीलच असं नाही. विलो वार्बलर, गार्डन वार्बलर (वार्बलर म्हणजे वटवट्या) आधी साहेलमध्ये थांबतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात दक्षिणेच्या ओलसर पट्ट्यात सरकतात. सबअल्पाइन आणि वेस्टर्न बोनेली वटवट्ये मात्र साहेलच्या बाभळींतच हिवाळा काढतात. ऑक्टोबरातले दोन आठवडे आणि फेब्रुवारीतले दोन आठवडे, दोन वेगळे अभ्यास होतील.

वर्षावर्षाचा फरकही आहेच. १९६८ साली साहेलचा पाऊस फसला आणि १९६९ च्या वसंतात ब्रिटनमध्ये शुभ्रकंठी वटवट्ये तीन चतुर्थांशांनी कमी परतले. तोवर ब्रिटनमध्ये ही बांधावरची अगदी नेहमीची जात होती.

तीरचिमणी

जिओलोकेटर गेला, सरासरी गेली, दोन आठवडेही गेले. :)

प्रश्न: सगळ्या जातींना एकच रीत चालेल का? आणि पिसांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) अधिवास कळतो म्हणतात, ते कितपत खरं?

दुर्बीण८४२

समस्थानिकांबद्दल. पीस वाढताना पक्षी जे खातो त्याची रासायनिक खूण पिसात कायम राहते. झाडं आणि बहुतेक झुडपं सी-३ पद्धतीने कार्बन बांधतात, त्यांचं कार्बन-१३ मूल्य (जड कार्बनचं प्रमाण, ठरलेल्या नमुन्याशी ताडून, प्रतिहजारात) उणे २७ च्या आसपास. बाजरी, ज्वारी आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं सी-४, उणे १२ च्या आसपास. म्हणजे पक्ष्याचे किडे झाडावरचे होते की गवतातले, एवढं सांगता येतं. कुठलं झाड ते नाही. पाणथळीत आणखी गोंधळ: भात आणि पाणकणीस सी-३, नायजर नदीच्या पुराच्या मैदानातलं बुर्गू गवत सी-४.

अट एकच, पीस आफ्रिकेत वाढलेलं हवं. विलो वार्बलर वर्षातून दोनदा सगळी पिसं बदलतो, त्यातली एक खेप आफ्रिकेत. म्हणून स्वीडनमध्ये वसंतात उपटलेल्या पिसावरून पश्चिम आफ्रिकेत आणि पूर्व-दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्या त्याच्या दोन उपजाती वेगळ्या दिसल्या. पाईड फ्लायकॅचर (एक माशीमार) आणि रेडस्टार्ट मात्र उड्डाणपिसं युरोपातच बदलून निघतात. त्यांचं पंखाचं पीस प्रयोगशाळेत पाठवलंत तर उत्तर युरोपचं येईल, पैसे आफ्रिकेचे गेलेले असतील.

रानवारा

एकच रीत नाही चालणार. कोत द'इव्होआरमधल्या (आयव्हरी कोस्ट) कोमोए राष्ट्रीय उद्यानात पाईड फ्लायकॅचर आणि विलो वार्बलर एकाच ठिकाणी अभ्यासले गेले. फ्लायकॅचर हिवाळ्यात चक्क हद्द राखतो, घुसखोराला हुसकतो, पुढच्या वर्षी त्याच जागी येतो. विलो वार्बलर हद्द वगैरे मानत नाही, स्थानिक पक्ष्यांच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो. पहिल्यासाठी रंगीत कडी घालून हद्दीचे नकाशे काढायचे. दुसऱ्यासाठी तो बेत केलात तर एकदा कडी घातलेला पक्षी पुन्हा दिसायचा नाही आणि तुम्ही "मेला" म्हणून नोंद कराल.

नायजेरियातल्या जोस पठारावर व्हिंचॅट, आपल्या गप्पीदासाचा भाऊबंद, उघड्या झुडपाळ रानात आणि शेतांत हद्दी राखतो. तिथल्या अभ्यासात हिवाळ्यात फार थोडे पक्षी मेले, आणि बरेच पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी परतले. म्हणून "युरोपात संख्या घटली, म्हणजे आफ्रिकेतला अधिवास बिघडला" हे समीकरण प्रत्येक जातीला लावू नका.

घानात पेपीआसे इथे वुड वार्बलरवर रेडिओ टॅग लावले होते. नावात जंगल, युरोपात जंगलातच वीण, तरी तिथे तो बंद छत्राच्या दाट जंगलात नव्हे तर मधल्या घनतेच्या, अर्धवट तोडलेल्या, झाडं राखलेल्या शेतरानात जास्त. जंगल घटलं तरी त्याला तेवढा फटका बसलेला दिसला नाही. अर्थात सगळीच झाडं गेली तर तोही जाईल. रेडिओ टॅगची बॅटरी या आकारात काही आठवडेच टिकते, तेव्हा पूर्ण हिवाळा हवा असेल तर पक्ष्यांची नवी तुकडी पकडत राहावी लागते.

खाजणवाट

सगळे झाडांवरच बसलेत, म्हणून पाणथळीचं थोडं.

ॲक्वॅटिक वार्बलर ही युरोपातली धोक्यात आलेली जात. ती हिवाळ्यात जाते कुठे हे २००७ पर्यंत नीट माहीत नव्हतं. त्या जानेवारीत सेनेगलच्या जूज राष्ट्रीय उद्यानात ती सापडली. तिला लागतं उथळ पाण्यातलं सलग गवत: रानभात, लव्हाळे, स्पोरोबोलस गवत. पाणकणसाची उंच दाट भिंत तिला चालत नाही. आणि सेनेगल नदीवर १९८६ साली डियामा धरण झाल्यावर खारं पाणी अडलं, गोडं साचलं आणि पाणकणीस बोकाळलं. उपग्रहात दोन्ही "हिरवी पाणथळ". पानगळ ताईंचा आंब्याचा मुद्दाच, फक्त पाण्यात.

मोजणी पावलाखाली करावी लागते. पक्षी गवताच्या बुडाशी चालतो, उडत नाही, गात नाही. तीन-चार जणांनी दोरी धरून गवतावरून ओढत जायचं आणि पुढे लावलेल्या मिस्ट नेटमध्ये (पक्षी पकडायचं बारीक धाग्याचं जाळं) काय येतं बघायचं. पाण्याची खोली दर जाळ्यापाशी काठीने मोजा. नाहीतर "पाणथळ" एवढंच लिहून परत याल.

शंकासुर

अवांतर: युरोपातून निघून आफ्रिकेऐवजी आपल्याकडे येणारेही आहेतच की. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोपातून निघतो आणि महाराष्ट्रात ज्वारीच्या शेतात उतरतो. त्याच्यासाठी सी-४ वगैरे बघायला फार लांब जायला नको.

आणि मार्श वार्बलर विसरू नका. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकेक नर सरासरी ७६ जातींच्या आवाजांची नक्कल करतो असं निघालं, त्यातल्या निम्म्याहून जास्त आफ्रिकी. बेल्जियममधल्या झुडपात बसून हिवाळ्याचा पत्ता गाऊन दाखवतो. जिओलोकेटरपेक्षा स्वस्त.

पानगळ

शेतांत जाणार असाल तर झाडांची स्थानिक नावं आधी शिका. फैदर्बियाला हौसा भाषेत गाओ, बंबारा भाषेत बालान्झान, वोलोफ भाषेत काड. शेतकऱ्याला "अकेशिया" विचारलंत तर चार वेगळी झाडं दाखवेल.

आणि छाटणी नोंदवा हे गणिती म्हणाले ते हलक्यात घेऊ नका. कोरड्या दिवसांत शेळ्या-मेंढ्यांसाठी फांद्या तोडतात. छाटलेलं झाड जातीने तेच, पण छत्र एक चतुर्थांश. नायजरमध्ये मारादी आणि झिंदेर भागात शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकापासून बुंध्यांतून फुटणारे कोंब राखून लाखो हेक्टर शेतांवर झाडं परत आणली. पण कोंब कुठल्या जातीचे राखले हे गावागणिक बदलतं. झाडं वाढली म्हणजे पक्षी वाढले असं धरू नका, जात लिहा.

तीरचिमणी

आराखडा बदलते. चार फेऱ्या: ऑक्टोबरची सुरुवात, डिसेंबर, जानेवारीअखेर, मार्चची सुरुवात. तेच ३० तुकडे प्रत्येक वेळी, झाडांना क्रमांकाचे पत्रे ठोकून. उपग्रहाचं काम एवढंच उरेल की फेब्रुवारीच्या १० मीटरच्या चित्रात छत्राचं क्षेत्र मोजायचं, जात जमिनीवरून भरायची. जिओलोकेटर रद्द. पीलूच्या जाळ्या तुकड्यात आल्या नाहीत तरी मार्चच्या फेरीत वेगळ्या शोधायच्या.

गणिती

ठीक. दोन दुरुस्त्या. पत्रे ठोकू नका, झाड शेतकऱ्याचं आहे आणि पत्रा विकला जातो. जीपीएसवर बुंध्याची जागा आणि खोडाचा घेर छातीच्या उंचीला लिहा, पुढच्या वेळी झाड ओळखायला तेवढं पुरतं. आणि ३० तुकड्यांपैकी निदान १० शिया, आंबा, काजूचे ठेवा. शून्य येणार हे माहीत असलं तरी.

शंकासुर

शून्य येणार हे माहीत असेल तर मोजायचं कशाला? (चिडवत नाही, त्या दहा तुकड्यांचा खर्च मंजूर करणाराही हेच विचारेल.)

गणिती

छत्राच्या हेक्टरी आकडा मोठ्या प्रदेशाला लावायचा तर रिकाम्या झाडांचं छत्रही हिशेबात लागतं. ते नसेल तर काटेरी झाडांचा आकडा सगळ्या हिरव्या छत्राला गुणला जातो. आफ्रिकेत येणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज मोरोच्या वेळी ५ अब्ज होता, २००९ च्या फेरमोजणीत तो २.१ अब्जांवर आला. ती फेरमोजणी युरोपातल्या वीण करणाऱ्या जोड्यांवरून केलेली. हिवाळ्याच्या बाजूने तोच आकडा पडताळायचा असेल तर ही शून्यं लागतील. मंजूर करणाऱ्याला एवढं सांगा.